निरोप्याचा निरोप

जनसंज्ञापनाचे जे सिद्धान्त आज आपल्या महाविद्यालयांतून शिकवले जातात, ते बोलणाऱ्याचे सिद्धान्त आहेत. ऐकणाऱ्याचा विचार त्यांत आहे. परंतु तो त्याच्यावर झालेला परिणाम मोजण्यापुरता. ज्याला काही सांगायचे आहे आणि ज्याचे कोणीच ऐकून घेत नाही, अशा माणसाला या शास्त्रात जागा नाही. माझे हे विधान काहींना एकांगी वाटेल. म्हणून पुस्तकातील उदाहरणे बाजूला ठेवून, मी ज्या जिल्ह्यात राहतो त्या यवतमाळ जिल्ह्यातील घटनांवर मी ते तपासून पाहणार आहे. सिद्धान्त जर खरा असेल तर तो शिकागोइतकाच पांढरकवड्यालाही लागू पडला पाहिजे.

या शास्त्राची सुरुवात हॅरॉल्ड लासवेलपासून करण्याचा प्रघात आहे. पहिल्या महायुद्धातील प्रचारतंत्रावरचा त्याचा ग्रंथ १९२७ साली निघाला. पुढे १९४८ मध्ये त्याने संज्ञापनाचा अभ्यास पाच प्रश्नांत बसवला: कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून बोलतो, कोणाशी बोलतो आणि परिणाम काय होतो. विद्यार्थी हे पाच प्रश्न पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. परंतु हे प्रश्न कोणाच्या गरजेतून जन्मले, हे त्यांना सहसा सांगितले जात नाही. सैन्याला शत्रूचे मनोधैर्य खच्ची करायचे होते, उमेदवाराला मते हवी होती, कारखानदाराला साबण विकायचा होता. या तिघांनाही समोरच्या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती. ती म्हणजे परिणाम. समोरचा माणूस उलट काय म्हणतो याची त्यांना गरज नव्हती.

आपल्या गावगाड्याला ही रचना नवी नाही. तिला आपल्याकडे दवंडी म्हणतात. हुकूम पाटलाचा किंवा सरकारचा, डफ आणि गळा कोतवालाचा, आणि ऐकायचे गावाने. दवंडीला प्रश्न विचारता येत नाही. लासवेलचे पाच प्रश्न दवंडीला तंतोतंत लागू पडतात. फरक एवढाच, की ज्याच्या गळ्यातून दवंडी निघते त्या माणसाविषयी लासवेलला काही विचारावेसे वाटले नाही. त्याच्या मांडणीत माध्यम ही एक निर्जीव वस्तू आहे. आपल्याकडे ते माध्यम म्हणजे जिवंत माणूस होता, आणि तो बहुधा अस्पृश्य होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात महाराच्या कामांची लांबलचक जंत्री आहे. वेशीची राखण करणे, सरकारी कागद आणि सारा पोचवणे, अंमलदारापुढे धावणे, मयताची खबर परगावी नेणे, ही सगळी कामे त्याचीच. आजच्या भाषेत सांगायचे तर महार हा गावाचा टपालखाते, तारखाते आणि बातमीदार होता. गावाचे सारे संज्ञापन त्याच्या पायांवर चालत होते. तरीही त्याला स्वतःचा निरोप नव्हता. मेलेल्याची खबर त्याने उन्हातान्हातून पोचवावी आणि ओट्याखाली उभे राहून सांगावी. त्याच्या घरात कोणी मेले तर ती खबर मात्र गावाची होत नसे. वेशीवर पहारा देणारा वेसकर स्वतः वेशीबाहेर राहत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. वतन गेले. पण दुसऱ्याचा निरोप वाहणारा आणि स्वतःचा निरोप नसलेला माणूस गेला काय, हा माझा प्रश्न आहे.

२

लासवेलनंतरचा मोठा सिद्धान्त पॉल लाझार्सफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. अमेरिकेच्या १९४० सालच्या निवडणुकीचा त्यांनी ओहायो राज्यातील एका परगण्यात अभ्यास केला आणि १९४४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमांतून आलेला विचार थेट सर्वांपर्यंत जात नाही; तो आधी काही जाणत्या माणसांकडे येतो आणि त्यांच्याकडून इतरांकडे झिरपतो, असे ते म्हणाले. हा दोन पायऱ्यांचा प्रवाह होय. शेजार, नातीगोती, कामाचे ठिकाण यांना या सिद्धान्ताने महत्त्व दिले, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. पुढे एव्हरेट रॉजर्सने १९६२ मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडला. नवे बियाणे, नवे औषध समाजात कसे पसरते हे दाखवताना त्याने माणसांचे पाच गट पाडले. सर्वांत आधी स्वीकारणारे अडीच टक्के, आणि सर्वांत शेवटी येणारे, मागे रेंगाळणारे सोळा टक्के. आपल्या देशातील कृषिविस्ताराचे कित्येक कार्यक्रम याच विचारावर उभे राहिले.

आता यवतमाळकडे पाहू. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि काही वर्षांत या जिल्ह्यातील पऱ्हाटीचे जवळजवळ सारे रान त्याने व्यापले. रॉजर्सच्या हिशेबाने हा प्रसाराचा विजय म्हटला पाहिजे. मागे रेंगाळणारा येथे कोणी उरलाच नाही. त्याच कापसावर २०१७ च्या खरिपात कीड पडली, पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली, आणि फवारणी करणारी माणसे विषबाधेने पडू लागली. जुलै ते ऑक्टोबर या काळात या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. मरणाऱ्यांत शेतकरी होते आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे भूमिहीन मजूरही होते.

या घटनेवर शेतीशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. मी तिच्याकडे संज्ञापनाची घटना म्हणून पाहतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ चे नियम झाले. त्यांप्रमाणे प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे किंचित विषारी. ही एक भाषा आहे. ती कोणाला शिकवली? हिरवा रंग पाहून माणसाला वाटते की वाट मोकळी आहे. पिवळा रंग आपल्या घरात हळदीचा असतो, आणि येथे तो दुसऱ्या क्रमांकाच्या विषाचा आहे. डब्यासोबत माहितीपत्रक असते. त्यातली अक्षरे मुंगीएवढी आणि भाषा हिंदी, इंग्रजी, प्रादेशिक. पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी या भागांतील पोडांवर राहणाऱ्या कोलामाच्या घरात कोलामी बोलतात. तांड्यात गोरमाटी बोलतात. त्यांच्यासाठी त्या पत्रकावर एक शब्द नाही.

आता दोन पायऱ्यांचा प्रवाह तपासा. कंपनीकडून माहिती कृषी केंद्राच्या दुकानदाराकडे येते. तोच येथला जाणता माणूस; कोणते औषध कशात मिसळायचे हे तोच सांगतो, आणि त्याचे पोट त्याच औषधाच्या विक्रीवर आहे. दुकानदार शेतमालकाला सांगतो. मालक मजुराला काय सांगतो? "दोन टोपणं टाक अन् चाल." म्हणजे प्रवाहाला दोन पायऱ्या नाहीत, तीन आहेत, आणि तिसरी पायरी उतरताना माहिती गळून पडते, विष तेवढे खाली जाते. लाझार्सफेल्डच्या ओहायोतील शेजारी एकमेकांशी बरोबरीने बोलत असावेत. आमच्याकडे प्रत्येक पायरी ही जातीची आणि जमिनीची पायरी आहे. वरून खाली हुकूम उतरतो. खालून वर प्रश्न चढत नाही. "मालक, हे काय हाय?" असे विचारणाऱ्या मजुराला दुसऱ्या दिवशी काम मिळेल याची खात्री कोण देणार?

मजुरांनी सुरक्षेची साधने वापरली नाहीत, हे स्पष्टीकरण त्या वेळी वारंवार दिले गेले. संज्ञापनशास्त्रात यालाच ऐकणाऱ्याचा दोष म्हणतात. निरोप पाठवला होता, त्याला कळला नाही, असा त्याचा अर्थ. रॉजर्सच्या शब्दांत तो रेंगाळणारा ठरतो. मात्र १९७६ मध्ये खुद्द रॉजर्सनेच विकासाच्या जुन्या संज्ञापनविचाराची उलटतपासणी केली आणि वरून खाली येणाऱ्या एकेरी प्रवाहाच्या मर्यादा मान्य केल्या. आमच्या पाठ्यपुस्तकांत १९६२ चा रॉजर्स असतो, १९७६ चा नसतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. परभृत ज्ञानाची ही रीतच असते. मालकाला सोयीचे तेवढे आयात होते.

३

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. खालची बातमी वर कशी जाते? येथे दोन सिद्धान्त सांगितले जातात. एक द्वारपालाचा. डेव्हिड मॅनिंग व्हाइट याने १९५० मध्ये अमेरिकेतील एका लहान वृत्तपत्राच्या तारसंपादकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आलेल्या मजकुराचा सुमारे दहावा हिस्साच तो आत घेत होता. दुसरा विषयपत्रिकेचा. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या निवडणुकीत चॅपेल हिल येथील शंभर मतदारांना विचारून १९७२ मध्ये दाखवले, की वृत्तपत्रे ज्या प्रश्नांना महत्त्व देतात तेच प्रश्न लोकांनाही महत्त्वाचे वाटू लागतात.

या जिल्ह्यात २०१८ साली याचा पडताळा आला. पांढरकवडा आणि राळेगावच्या रानात एका वाघिणीच्या हल्ल्यांत दोनेक वर्षांत १३ माणसे गेल्याचे वनखात्याने सांगितले. ती माणसे गुरे राखणारी, शेतात राबणारी होती. एकेक माणूस गेला तेव्हा ती जिल्ह्याच्या पानावरची बातमी होती. वाघिणीला मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या शिवारात तिला गोळी घातली गेली, तेव्हा ती देशाची बातमी झाली. वनखात्याच्या दप्तरात ती टी-१ होती. देशाने तिला 'अवनी' या नावाने ओळखले. शहरांत मेणबत्त्या पेटल्या.

ती मारली जायला नको होती, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण नाही. तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला का, हा रास्त प्रश्न होता. माझा मुद्दा नावाचा आहे. वाघिणीचे नाव देशाला पाठ आहे. तेरांपैकी एकाचे तरी नाव पुण्या-मुंबईतल्या किती वाचकांना सांगता येईल? विषयपत्रिका ठरते म्हणजे काय होते, हे यापेक्षा स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. मॅककोम्ब्स-शॉ यांनी विषयपत्रिका वाचकाच्या डोक्यात कशी उतरते हे दाखवले. ती मुळात कोण लिहितो हा प्रश्न त्या अभ्यासात नव्हता.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर अनेकदा शोधले गेले आहे. बी. एन. उनियाल या पत्रकाराने १९९६ मध्ये दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला; त्यांना एकही सापडला नाही. २००६ साली दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील ३१५ वरिष्ठ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचे कोणी नव्हते. २०१९ च्या एका अहवालात नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय आढळले, आणि दलित-आदिवासी शून्य. व्हाइटच्या द्वारपालाला वैयक्तिक आवडीनिवडी होत्या. आमच्या द्वारपालाला जात आहे. वेस राखण्याचे काम महाराकडे होते तेव्हा आत कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. वेस वृत्तपत्राची झाली तेव्हा तिच्यावर उभे राहण्याचे कामही त्याला मिळाले नाही.

तालुक्याच्या पातळीवर आणखी एक अडचण आहे. तेथल्या वार्ताहराला बहुधा बातमीबरोबर जाहिरातही आणावी लागते. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याने आणायची, त्याच पुढाऱ्याच्या वाड्यावरच्या मजुराची बातमी त्याने कशी द्यावी? बाबासाहेबांनी १९४३ च्या रानडे, गांधी आणि जिना या व्याख्यानात म्हटले होते, की भारतातली पत्रकारिता पूर्वी पेशा होती, आता ती व्यापार झाली आहे. माध्यमांच्या मालकीविषयी पाश्चात्त्य अभ्यासकांची गाजलेली पुस्तके त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

या साऱ्याची किंमत काय असते, हे विदर्भाने २००६ साली पाहिले. खैरलांजीत २९ सप्टेंबरला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या सुवर्णमहोत्सवासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. शेजारच्या जिल्ह्यात काय घडले, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. आधी बातमी लहान आली आणि तीही अनैतिक संबंधांचा रंग देऊन आली. जातीय अत्याचार म्हणून ती देशभर वाचली गेली ती लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. द्वार आतून उघडले नाही. ते बाहेरून ढकलावे लागले.

४

जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मौनाच्या आवर्ताचा सिद्धान्त मांडला. आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटले की माणूस एकटे पडण्याच्या भीतीने गप्प बसतो. तो गप्प बसला की ते मत आणखीच अल्पसंख्य दिसते, असे हे आवर्त आहे. सिद्धान्त मोलाचा आहे. पण त्यात एकटे पडणे ही मनातली भीती आहे. आमच्या गावात ती भीती नसून व्यवहार असतो. दुकानातून वाणसामान बंद, विहीर बंद, चक्की बंद, रोज बंद. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर गावोगाव अस्पृश्यांवर हेच हत्यार चालवले गेले. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ साली. बहिष्कार हा मौन लादण्याचा संघटित मार्ग आहे. ज्याला बोलण्याची किंमत पोटाने मोजावी लागते, त्याचे मौन पाहणीच्या प्रश्नावलीत सापडत नाही. तेथे तो "सांगता येत नाही" या रकान्यात जातो.

म्हणूनच बाबासाहेबांच्या पत्रांची नावे मला संज्ञापनाचे सिद्धान्त वाटतात. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. मुका, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध: मौनातून बोलण्याकडे, आणि बोलण्यातून विचाराकडे जाणारा हा क्रम आहे. 'मूकनायक'ची पैसे देऊन दिलेली जाहिरातही 'केसरी'ने नाकारली, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. आणि पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिले, की मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते. व्हाइटच्या द्वारपालाआधी तीस वर्षे हा विचार मराठीत मांडला गेला होता. पावलो फ्रेरेने दलितांच्या मौनाच्या संस्कृतीविषयी लिहिले त्याच्याआधी पन्नास वर्षे मुक्यांचा नायक छापला जात होता. आमच्या किती अभ्यासक्रमांत तो सिद्धान्त म्हणून येतो? वृत्तपत्रांच्या इतिहासाच्या धड्यात चार ओळी येतात, आणि पुढच्या पानावर लासवेल सुरू होतो.

या परंपरेची मुळे खोल आहेत. शिवराम जानबा कांबळे यांचे 'सोमवंशीय मित्र' १९०८ मध्ये निघाले. विदर्भात किसन फागू बनसोड यांनी पदरमोड करून पत्रे चालवली. त्यांतले 'मजूर पत्रिका' १९१८ चे. वाचणारा वस्तीत एखादाच असे. तो मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत, अडवत, विचारत. आंबेडकरी जलशात तर प्रश्नोत्तर हाच खेळाचा प्राण होता. भीमराव कर्डकांच्या जलशाने किंवा वामनदादांच्या गाण्याने जे केले, ते कोणत्याही दोन पायऱ्यांच्या प्रवाहात बसत नाही, कारण तेथे सांगणारा आणि ऐकणारा एकाच जमिनीवर बसलेले होते. निरोप्याने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा निरोप सांगितला.

५

येथे कोणी म्हणेल, की हा इतिहास झाला. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, द्वारपाल संपले. फोन आल्याने पुष्कळ झाले, हे मी नाकारत नाही. अत्याचाराची चित्रफीत आज तासाभरात जिल्हाभर पोचते. खैरलांजीच्या वेळी तसे नव्हते. परंतु आपल्या वस्तीतल्या पोराच्या फोनमध्ये दिवसभरात काय येते आणि तो काय करतो, हे बारकाईने पाहा. कोणीतरी तयार केलेला मजकूर येतो, तो पुढे ढकलतो. पक्षाचा, बाबाचा, कंपनीचा, कोणाचाही. त्यात त्याचे स्वतःचे एक वाक्य नसते. त्याच्या गल्लीतल्या नळाला चार दिवस पाणी नाही, ही बातमी त्यात नसते. रोजगार हमीची मजुरी थकली, ही बातमी नसते. दुसऱ्याचा निरोप बिनपगारी वाहून नेणारा निरोप्या पुन्हा जन्माला आला आहे, आणि या वेळी तो आनंदाने धावतो आहे. वतन कायद्याने गेले, ते सवयीने परत येत आहे.

म्हणून संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना मी लासवेलच्या पाच प्रश्नांपुढे आणखी तीन प्रश्न लिहायला सांगेन. हा निरोप कोणाच्या पायांनी चालतो? ज्याच्यापर्यंत तो पोचला त्याला उलट विचारण्याची सोय आणि सुरक्षितता आहे काय? आणि त्याने विचारले तर ऐकून घेण्याची सक्ती कोणावर आहे? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बोलण्याचा अधिकार घटनेने दिला आहे. ऐकून घेण्याचे बंधन मात्र कोणावरच नाही. ते चळवळीने लादावे लागते.

हे काम ग्रंथालयात बसून होणारे नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही एका गावात जावे. फवारणीच्या औषधाची माहिती कंपनीपासून मजुरापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी उतरली आणि कुठे गळाली, हे लिहून काढावे. गावातली एखादी तक्रार पोडावरून तहसिलीपर्यंत कशी गेली, कुठे अडली, किती दिवस अडली, कोणाच्या टेबलावर अडली, हे तारखांसह नोंदवावे. असे शंभर गावांचे लेखन उभे राहिले तर आपल्याला संज्ञापनाचा सिद्धान्त आयात करावा लागणार नाही. तोवर आपण दुसऱ्यांचे सिद्धान्त एका वर्गातून दुसऱ्या वर्गात पोचवत राहू. आणि दुसऱ्याचे सांगणे पोचवण्याचे काम आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ केले आहे.